कम्प्युटर असलेली झोपायची खोली उन्हाळ्यात गार कशी ठेवावी: सांगलीतल्या वरच्या मजल्यावरून

एप्रिलमध्ये दुपारी साडेचार वाजता टेबलावर चढून छताला तळहात लावून बघा. विश्रामबागेतल्या माझ्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत तो स्लॅब फणफणलेल्या पोराच्या कपाळासारखा लागतो. खाली कॉट, कॉटच्या उशाला टेबल, टेबलाखाली सीपीयू, आणि त्याच्या मागच्या जाळीतून घोट्यावर येणारी गरम झुळूक. इंजिनिअरिंगला आलेली मुलं, पुण्याची नोकरी घरून करायला परतलेली माणसं, व्हिडिओ एडिटिंग करणारे, रात्री गेम खेळणारे, सांगलीत अशा एकाच खोलीत झोपणारे आणि काम करणारे पुष्कळ आहेत. यंदा पहिल्यांदाच अशा खोलीत उन्हाळा काढणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे. यातलं बहुतेक सगळं मी स्वतः करून पाहिलेलं आहे.

एक गोष्ट आधी मनात पक्की करा. कम्प्युटर जेवढी वीज खातो, तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीत येते. पडद्यावरचं चित्र, पंख्याचा वारा, आकडेमोड, सगळ्याचा शेवट उष्णतेतच. साधं टायपिंग करणारा लॅपटॉप २०-३० वॅटवर भागवतो. मोठं ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरची चित्रं बनवणारा भाग) असलेलं मशीन गेम किंवा रेंडरिंग, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनवणं, चालू असताना ३०० ते ४५० वॅट सहज घेतं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण १०० वॅट उष्णता निघते. म्हणजे ते मशीन चालू केलं की खोलीत तीन-चार माणसं जास्तीची येऊन बसली असं समजा. दहा बाय बाराच्या बंद खोलीतली हवा ३०० वॅटने दोन-सव्वादोन मिनिटांत एक अंश तापली असती. भिंती आणि फरशी उष्णता शोषतात म्हणून तेवढं होत नाही. पण भिंतींनी शोषलेलं रात्री तुम्हालाच परत मिळतं.

आपल्या आयांनी-आज्यांनी चूल कधी उशाशी मांडली नाही. जिथे मांडली तिथे वर धुराडं ठेवलं. कम्प्युटरलाही तोच न्याय लावा: तो कुठे ठेवायचा, त्यात जाळ किती घालायचा आणि त्याची धग कुठून बाहेर काढायची. कूलर आणि एसी त्यानंतर.

पहिलं काम: मोजून घ्या

दोन-तीनशे रुपयांत तापमान आणि हवेतली आर्द्रता दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र मिळतं. ते उशाजवळ ठेवा, भिंतीला टेकवू नका. एक दिवस कम्प्युटर पूर्ण बंद ठेवून सकाळी सात, दुपारी चार आणि रात्री दहाचे आकडे वहीत लिहा. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं काम करून त्याच वेळचे आकडे लिहा. आकाश दोन्ही दिवशी सारखंच असावं, ढगाळ दिवस धरू नका. फरक अर्ध्या-एक अंशाचा असेल तर मशीनच्या मागे लागण्यात अर्थ नाही, तुमचं दुखणं स्लॅबचं आहे. माझ्याकडे दार लावलेलं असताना रात्रीचा फरक अडीच अंशांचा निघाला, आणि तेव्हा कळलं की मी दोन वर्षं फक्त छताला दोष देत होतो.

त्याच वेळी मशीनच्या आतलं तापमानही बघा. त्यासाठी एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प असे फुकट प्रोग्राम आहेत. प्रोसेसर ९५-१०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. उन्हाळ्यात मशीन 'हँग' व्हायला लागतं त्यामागे बऱ्याचदा व्हायरस नसतो, हेच असतं. खोली पाच अंशांनी तापली की आतले भागही साधारण तेवढेच वर चढतात. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरण्यासाठी भोवतालचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंतच दिलेलं असतं. मेमधली आपली वरच्या मजल्याची खोली दुपारी ती रेघ ओलांडते.

जागा बदला, पैसे लागत नाहीत

घरात खालच्या मजल्यावर एखादी खोली, जिन्याखालचा कोपरा, अगदी सोप्यातली जागा मिळत असेल तर मार्चअखेरीला कम्प्युटर तिथे हलवा आणि पाऊस लागल्यावर परत आणा. याच्याइतका गुण दुसऱ्या कशाने येत नाही. जाडजूड मातीखाली गारवा असतो हे आपल्या भागाला नवं नाही. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत, म्हणजे खोल खड्ड्यांत, साठवत आले, आणि जत-आटपाडीकडे पांढऱ्या मातीच्या माळवदाखाली, म्हणजे जाड सपाट छताखाली, माणसं भर दुपारी झोपत आली. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांचं फार नुकसान झालं, त्याची हळहळ मला आजही वाटते. आपल्या डोक्यावर मात्र आता चार-पाच इंचांचं काँक्रीट आहे.

जागा बदलता येत नसेल तर खोलीतल्या खोलीत बदला. पश्चिमेच्या भिंतीला सीपीयू लावू नका, दुपारनंतर ती भिंत तापलेली असते. टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबू नका. मागे निदान वीतभर जागा सोडा. गरम हवा मागून आणि वरून निघते, तेव्हा मशीनची पाठ खिडकीकडे किंवा दाराकडे करा, कॉटकडे नको. जमिनीवर ठेवत असाल तर खाली एक पाट किंवा दोन विटा द्या. केर आणि फरशी पुसतानाचं पाणी, दोन्हींपासून बचाव होतो.

लॅपटॉप गादीवर ठेवून काम करू नका. त्याची हवा घ्यायची फट पोटाखाली असते आणि गादी ती बुजवते. स्टँड नसला तर मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची टोपणं ठेवली तरी चालतं, बोटभर फट पुरते.

स्लॅब: खरा शत्रू वर आहे

सांगलीत मेच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस असा येतो की भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या खांबाची सावली पडत नाही. साताऱ्यात तो थोडा नंतर येतो. याचा अर्थ उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीपेक्षा आपली गच्चीच जास्त भाजते. स्लॅब दुपारभर ऊन पितो आणि संध्याकाळी, बाहेर वारा सुटलेला असताना, ते खोलीत सोडायला लागतो. त्यामुळेच रात्री अकराला गच्चीवर गार वाटतं आणि खाली खोलीत घाम येतो.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक शेडनेटने पडला. रोपवाटिकेवर घालतात ती हिरवी नेट. आपला भाग द्राक्ष-भाजीपाल्याचा, त्यामुळे शेती साहित्याच्या दुकानांत ती सहज मिळते. ७५ टक्के सावलीची मागा. घरमालकांना आधी विचारा. मी विचारलं होतं, "काका, गच्चीवर नेट बांधू का?" ते म्हणाले, "बांध की. पण वळवाचं आभाळ दिसलं की सोडायची. नाहीतर नेट जाईल शेजारच्यांच्या टाकीवर." ते दोन्ही बाबतींत बरोबर होते.

बांधताना एक चूक बहुतेक जण करतात: नेट सरळ स्लॅबवर पसरतात. मग नेट तापते आणि तिची धग स्लॅबलाच लागते. स्लॅब आणि नेट यांच्यात कमरेइतकी मोकळी जागा हवी, म्हणजे खालून वारा वाहतो. चार कोपऱ्यांना बांबू, कठड्याला तार, मध्ये झोळ पडू नये म्हणून एक आडवी दोरी. नेट दुहेरी घडी करून काठ शिवून घ्या आणि दोरी त्या शिवलेल्या पट्टीतून ओवा. नुसत्या जाळीच्या भोकाला गाठ मारली तर पहिल्याच वाऱ्यात ती चिरते. सगळी गच्ची झाकायची गरज नाही. तुमच्या खोलीवरचा भाग आणि पश्चिमेकडे तीन-चार फूट जास्त, एवढं पुरे, कारण ऊन उतरतं तसं तिरपं येतं.

नेट जमत नसेल तर चुना. चुना पाण्यात फेविकॉल घालून घट्ट कालवा आणि संध्याकाळी स्लॅब झाडून, किंचित ओला करून दोन हात मारा. चुना कालवताना हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, डोळ्यात उडाला तर फार वाईट भाजतो. पांढरा रंग ऊन परतवतो, पण त्यावर धूळ बसली की गुण जातो, म्हणून आठवड्याला झाडू मारावा लागतो. गच्चीला पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे आधीच बसवलेले असतील तर नुसतं धुऊन काढा, वर चुना नको.

संध्याकाळी गच्चीवर पाणी मारण्याची पद्धत जुनी आणि खरी आहे. एक लिटर पाणी वाळताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता घेऊन जातं. पण मेमध्ये नळाला पाणी किती येतं हे आपण सगळे जाणतो. कपडे धुतल्यावरचं शेवटचं खळबळलेलं पाणी वापरा, आणि ऊन उतरल्यावर मारा. थारोळं साचवायचं नाही, नुसतं भिजवायचं.

थर्माकोलचे पत्रे छताला आतून चिकटवण्याचा सल्ला बरेच जण देतात. झोपायच्या खोलीत, वायरींच्या जवळ, पेट घेणारी वस्तू डोक्यावर लावू नका. उसाचं पाचट गच्चीवर पसरण्याबद्दलही हेच सांगेन. गारवा खरा, पण एका ठिणगीचं काम आहे.

खिडकीचं वेळापत्रक

सकाळी साडेआठ-नऊला बाहेरची हवा खोलीपेक्षा गरम व्हायला लागली की खिडक्या बंद, पडदे बंद. संध्याकाळी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली आला की सगळं सताड उघडं. तुमचं छोटं यंत्र खिडकीच्या बाहेर सावलीत पाच मिनिटं धरलं की ती वेळ कळते. बहुतेकांचं उलट चालतं: दुपारी 'हवा यावी' म्हणून खिडकी उघडी, आणि रात्री डासांमुळे बंद. खिडकीला मच्छरजाळी बसवून घ्या. एवढ्या एका खर्चाने रात्रीची गार हवा तुमची होते. साताऱ्यातल्यांना तर याचा दुप्पट फायदा, तिथली रात्र सांगलीपेक्षा लवकर निवते.

दुपारच्या बंद खिडकीत मशीनची धग अडकते, हा यातला पेच आहे. त्यावर उपाय धुराड्याचा. खिडकीच्या वरच्या झरोक्यात स्वयंपाकघरात असतो तसा नऊ इंची एक्झॉस्ट फॅन बसवा. गरम हवा वर छताशी गोळा होते आणि तिथूनच बाहेर जाते. त्याच वेळी आतल्या बाजूचं दार, म्हणजे जिन्याकडचं किंवा खालच्या गार खोलीकडचं, चार बोटं उघडं ठेवा, म्हणजे बदली हवा उन्हातून न येता सावलीतून येते. ही चार बोटांची फट विसरलात तर फॅन नुसता घोंघावतो, हवा हलत नाही. भाड्याच्या खोलीत झरोका फोडता येत नसेल तर रात्री टेबलफॅन खिडकीत तोंड बाहेर करून ठेवा आणि दुसरी खिडकी किंवा दार उघडा. अर्ध्या तासात खोलीतली शिळी हवा निघून जाते.

पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून लावला तर ऊन काचेतून आत आलेलंच असतं. सावली काचेच्या बाहेर हवी. बांबूची चटई, उरलेल्या शेडनेटचा तुकडा, काहीही चालेल, पण बाहेरून.

छताच्या पंख्याबद्दलही एक समजून घ्या. पंखा खोली गार करत नाही, आपला घाम वाळवून आपल्याला गार करतो. खोलीत कोणी नसताना तो चालू ठेवला तर उलट त्याची ७०-७५ वॅट उष्णता खोलीत पडते. नवे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात. बदलायची वेळ आली असेल तर तोच घ्या, इन्व्हर्टरवरही तो जास्त वेळ चालतो.

मशीनचा जाळ कमी करा

इथे एक पैसाही लागत नाही आणि नवखे लोक नेमकं हेच टाळतात, काहीतरी बिघडेल या भीतीने. बिघडत नाही, मूळ सेटिंग केव्हाही परत करता येतं.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा, तुमच्या प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज उघडा, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंटखाली मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० च्या जागी ९९ करा. बऱ्याच मशीनवर एवढ्याने प्रोसेसरची जास्तीची धाव, म्हणजे टर्बो, बंद होते. टायपिंग, ब्राउझर, ऑनलाइन मीटिंग यांत फरक जाणवत नाही आणि लॅपटॉपचा पंखा किंचाळायचा थांबतो. काही मशीनवर हा पर्याय दिसत नाही. तिथे बॅटरी सेव्हर किंवा कंपनीच्या प्रोग्राममधला 'सायलेंट' प्रकार निवडा.

गेम खेळणाऱ्यांनी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, फ्रेमची (सेकंदाला बनणाऱ्या चित्रांची) मर्यादा घालावी. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा, असेल तर सेकंदाला १४० फ्रेम बनवून उपयोग काय? डोळ्यांना दिसतात ६०, बाकीच्यांची नुसती धग. मर्यादा ६० ला बांधली की कार्ड अर्धवट विश्रांती घेत काम करतं. ज्यांना जमेल त्यांनी कार्डाची पॉवर लिमिट, म्हणजे वीज घेण्याची मर्यादा, ८० टक्क्यांवर आणावी. वेग थोडासाच घटतो, उष्णता त्याहून जास्त घटते.

आणि कामाची वेळ बदला. व्हिडिओ रेंडर, मोठी फाइल कॉम्प्रेस करणं, जड गेम, हे पहाटे पाच ते आठ या वेळात करा. खोली तेव्हा सगळ्यात गार असते आणि खिडक्या उघड्या असतात. संध्याकाळी सातनंतर जड काम नको. स्लॅब त्या वेळी ओकतच असतो, त्यात आपण तेल ओतायचं नाही. झोपताना मशीन स्लीपवर तरी टाका, स्क्रीनसेव्हर लावून सोडू नका.

धूळ, आणि आपल्याकडची काजळी

फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊसतोड झालेल्या फडांतलं पाचट पेटवतात आणि त्याची काळी काजळी थेट गच्चीत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडते. तीच मशीनच्या जाळीतही जाते. माझ्या सीपीयूची बाजू मी पहिल्यांदा उघडली तेव्हा प्रोसेसरवरच्या पंख्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पात्यांमध्ये राखाडी रंगाची अख्खी वात बसली होती, निरांजनात ठेवावी तशी. ती काढल्यावर तापमान नऊ अंशांनी उतरलं.

पाडव्याच्या आसपास एकदा साफसफाई करा. मशीन बंद, वायर बोर्डातून काढलेली, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलीसुरली वीज घालवलेली. सीपीयू गच्चीत न्या, बाजूचा पत्रा काढा, छोट्या ब्लोअरने आतून बाहेर अशी हवा मारा. पंख्याची पाती एका बोटाने धरून ठेवा, ब्लोअरच्या जोराने ती भलत्या वेगाने फिरून खराब होतात. अडकलेली वात रंगाच्या मऊ ब्रशने सोडवा. ओलं फडकं आत घालू नका. पॉवर सप्लायची डबी मात्र कधीही उघडायची नाही. वायर काढल्यावरही तिच्या आत धोकादायक वीज साठून राहते. तिला बाहेरूनच हवा द्या. मशीन तीन-चार वर्षांचं असेल आणि साफ करूनही तापत असेल तर दुरुस्तीवाल्याकडून थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता वरच्या पात्यांकडे पोचवणारा लेप, बदलून घ्या. लॅपटॉप स्वतः उघडण्याचा सराव नसेल तर तोही त्याच्याकडेच द्या.

काही जण उन्हाळाभर बाजूचा पत्रा काढून ठेवतात. दोन-चार दिवस ठीक. पण आपल्याकडे दिव्याखाली किडे, किड्यांमागे पाल, आणि पाल एकदा बोर्डावर गेली की दोघांचाही शेवट होतो.

कूलर की एसी

आपल्याकडे मार्च ते मेच्या मध्यापर्यंत दुपारची हवा कोरडी असते, आणि कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. अट एकच: कूलर खिडकीत, तोंड आत, पाठ बाहेर, आणि समोरची खिडकी किंवा दार उघडं. बंद खोलीत मध्ये ठेवलेला कूलर तासाभरात खोलीचं न्हाणीघर करतो. आर्द्रतेचा आकडा ६५-७० च्या वर गेला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. झोत माणसावर घ्या, मशीनवर नाही. कूलरमधून कधीकधी थेंब उडतात, आणि बोअरच्या जड पाण्याचा क्षार सर्किटवर बसलेला कुणालाही नको आहे. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासा आणि सुकवा. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. गवताच्या जाळीत थोडा वाळा खोचला तर खोलीला वासही येतो. हे मी दर वर्षी करतो.

एसी घेणार असाल तर हिशोब असा: एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर फेकतो, आणि ४०० वॅटचं मशीन त्यातला नववा हिस्सा खाऊन टाकतं. म्हणून वरचं सगळं आधी करा, मग दीड टनाच्या जागी एक टनात भागू शकतं. एसी २६-२७ वर ठेवून छताचा पंखा मंद चालवा. एसीला स्वतंत्र जाड वायर आणि मोठा प्लग हवा, कम्प्युटरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर तो कधीही लावू नका.

यूपीएस आणि वळीव

यूपीएसमधली बॅटरी उष्णतेने लवकर मरते. तापमान दहा अंशांनी वाढलं की तिचं आयुष्य ढोबळमानाने निम्म्यावर येतं. तो सीपीयूच्या मागे गरम झोतात ठेवू नका, खाली फरशीजवळ मोकळ्यावर ठेवा. लॅपटॉप दिवसभर चार्जिंगला असेल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबण्याची सोय आहे का बघा आणि ती चालू करा. बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेलेला दिसला तर त्याच दिवशी वापर थांबवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग चढतात, वावटळ उठते, मातीचा वास येतो. तेव्हा क्रम असा ठेवा: आधी काम सेव्ह करून मशीन बंद, मग बोर्डातली वायर आणि इंटरनेटची तांब्याची तारही काढून ठेवायची, कारण विजेचा धक्का त्या तारेतूनही आत येतो. मग गच्चीवर जाऊन नेटची वाऱ्याकडची दोरी सोडायची, पण वीज कडाडायला लागली असेल तर गच्चीवर जायचंच नाही, नेट गेली तर जाऊ द्या. पाऊस थांबला की सगळ्या खिडक्या उघडा. त्या रात्री स्लॅब गार असतो आणि कूलर लागत नाही.

मृग लागायच्या आधी नेट उतरवून धुवा, पूर्ण वाळवा, सुतळीने गुंडाळी बांधा आणि उंदीर पोचणार नाही अशा जागी टांगून ठेवा. नीट ठेवली तर ती तीन-चार उन्हाळे जाते. माझी तिसऱ्या वर्षी दोन ठिकाणी विरली आहे, तिथे मी जुन्या नेटचं ठिगळ लावलं आहे.